कानात काहीच नव्हतं

“आजी, तुमचा कान चांगला आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कानात काहीच नाही. गाठ जिभेच्या मुळाशी आहे, डाव्या बाजूला. तुकडा तपासला, त्यात कॅन्सर आला आहे.”

मी विचारलं, “मग कान का दुखतुया?”

माझा मुलगा दत्ता शेजारच्या खुर्चीत होता. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी बाईंना शिवीच दिली. त्याच्या डोक्यात कॅन्सर शिरला होता. माझ्या डोक्यात अजून कानच होता. चार महिने मी डाव्या कानावर हात ठेवून हिंडत होते. दुखणं कानातून निघून जबड्याखालनं मानेत उतरत होतं. आणि आता ही बाई सांगत होती की कानात काही नाही.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी केसपेपरच्या मागं एक डोकं काढलं, त्यात दोन रेघा काढल्या. एक कानातून, एक घशातून. दोन्ही रेघा वर जाऊन एकाच ठिकाणी मिळवल्या. म्हणाल्या, “घशाची नस आणि कानाची नस एकाच वाटेनं मेंदूकडं जातात. मेंदूला कळत नाही, दुखणं कुठून आलं. याला रेफर्ड पेन म्हणतात. म्हणजे रोग एकीकडं आणि कळ दुसरीकडं.”

मला समजलं. आमच्या वस्तीवर पूर्वी दोन घरांना एकाच वायरीतून वीज होती. एका घरात बिघाड झाला की दुसऱ्या घरातला दिवा मिणमिण करायचा. लोक दिवा बदलत बसायचे. मी चार महिने दिवा बदलत होते.

ज्यांचा कान दुखतोय आणि दुखणं मानेत उतरतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घाबरवायला नाही. शंभरातल्या बहुतेकांचं साधंच काहीतरी निघतं, असं बाईच म्हणाल्या. पण माझं साधं नव्हतं, आणि ते उशिरा कळण्यात माझा स्वतःचा हात होता. तोही सांगते.

आमचं गाव मुठा खोऱ्यात. भाताची थोडी जमीन, चार शेळ्या. दत्ता एका बंगल्याची राखण करतो, सून संगीता त्याच बंगल्यात शनिवार-रविवार स्वयंपाक करते. भात झोडून घरात आलं, त्या दिवसांत कान पहिल्यांदा दुखला. फार नाही. घास गिळताना कानात टाचणी टोचल्यासारखं व्हायचं. गिळताना. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही. कुणी विचारलं तर मी नुसतं “कान दुखतो” म्हणायचे. कधी दुखतो, काय करताना दुखतो, ते सांगायची मला गरज वाटली नाही.

पहिल्यांदा खोबरेल तेलात लसूण कडकडवून, कोमट झाल्यावर दोन थेंब सोडले. आमच्याकडं सगळेच करतात. पुढं डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलेला असेल तर तेलानं कान कायमचा जातो. माझा पडदा धड होता म्हणून निभावलं. तुम्ही सोडू नका.

दुसरा उपाय माझ्या धाकट्या जावेनं, चंद्रानं सांगितला. तो कळायला आधी मशेरीचं सांगायला हवं.

तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, हातानं चुरायचं, डबीत भरायचं. सकाळी बोटानं दातांना लावायची, गालात थोडी धरायची, थुंकायची. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं माझ्या हातात डबी दिली, ती तेव्हापासून. सकाळी चंद्रा तिच्या घरातून येई, पडवीच्या कडेला उन्हात आम्ही दोघी बोट तोंडात घालून बसायचो. कुणाची म्हैस आटली, कुणाची पोरगी नांदत नाही, कुणी रस्त्याकडंची जमीन विकली, हे सगळं तिथं कळायचं. भाजायचं काम महिन्यातून एकदा, दोघींचं मिळून. धुरानं सगळं घर खोकायचं. दत्ता बाहेर पळायचा.

चंद्रा म्हणाली, “अक्का, दुखतंय त्या बाजूला दाबून धर की मशेरी. बधिर व्हतं बघ.”

मी धरली. आणि खरंच बधिर झालं. दाढ, घसा, कान, सगळं अर्धा तास गप्प. मग मी दोनदाची चारदा केली, चारदाची सहादा. डावीकडंच. जिथं रोग होता तिथंच मी रोज त्याला खायला घालत होते. चंद्राचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्याकडं कुणी आलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. सांगितलंही असेल.

महिनाभरानं पिरंगुटच्या डॉक्टरकडं गेले. त्यानं दिवा लावून कानात पाहिलं आणि म्हणाला, मळ आहे. औषध घालून पाच दिवसांनी पिचकारीनं कान धुतला. काळ्या वाटाण्याएवढा मळ निघाला. मी तो पाहिला, म्हणून माझा विश्वास बसला. दोन दिवस बरंही वाटलं. मळानं कान दुखतो हे खरं आहे. पण मळ असला की ऐकू कमी येतं, कान गच्च वाटतो. मला सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा.

परत दुखायला लागलं तेव्हा तिथल्याच दुसऱ्या डॉक्टरकडं गेले, त्यानं आतून सूज असेल म्हणून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. कानाला सूज आली, पू झाला, तर ताप येतो, कानाची पाळी ओढली की माणूस ओरडतं, कान वाहतो. कानामागचं हाड सुजून कान पुढं आला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं असतं. मला यातलं काही नव्हतं. माझी पाळी त्यानं तीनदा ओढली. मी नुसती बघत बसले.

तिथं नावनोंदणीच्या मुलीनं विचारलं होतं, “आजी, तंबाखू, गुटखा, दारू?”

मी म्हणाले, “छ्या! आमच्या घरात न्हाई चालत.”

तिनं फुली मारली. मी खोटं बोलले नाही. तंबाखू म्हणजे चुना लावून मळतात ती, गडीमाणसं खातात ती. मशेरी म्हणजे दात घासणं. सकाळी तोंड धुता का, असं विचारल्यावर कुणी व्यसन म्हणून सांगेल का? माझ्या डोक्यात हे दोन वेगळे डबे होते आणि एकाचं झाकण दुसऱ्याला कधी लागलं नव्हतं.

तिसरा डॉक्टर दाताचा. खालची डावी शेवटची दाढ किडली होती. दाढेची कळ कानात जाते, हे मला आधीच माहीत होतं, म्हणून मी मोठ्या आशेनं गेले. दाढ काढली. त्यानं जबड्याच्या सांध्यावर बोटं ठेवून तोंड उघडायला, मिटायला लावलं. कानापुढं जो सांधा असतो तो झिजला की चावताना कटकट वाजतो आणि दुखणं कानात आणि मानेत जातं, म्हणाला. वाजला नाही. त्याचाही कागद भरला गेला, त्यावरही फुली. माझे काळे दात त्यानं पाहिले असणारच. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

चंद्रा मला म्हणाली, “अक्का, तुझा कान म्हंजे नवीन धरान झालंय. जो येतो तो वाकून बघून जातो.” मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

चौथ्यानं मानेचा फोटो काढला. मणके झिजलेत, नस दबते, म्हणून दुखणं मानेतून कानामागं चढतं. मणके झिजलेले होतेच. जन्मभर गवताचे भारे डोक्यावर वाहिलेत, झिजणार नाहीत तर काय होईल? त्यानं मानेला पट्टा दिला. दिवसभर घालायचा.

पट्टा घालून मी शेळ्यांमागं गेले तर दत्ता म्हणाला, “आई, मंत्री दिसतीस. मान हलवू नको, नायतर फायलीवर सही व्हईल.”

हा पट्टा मी तीन आठवडे घातला. मणक्याचं दुखणं मान वळवली की वाढतं, हाताला मुंग्या येतात. माझं गिळताना वाढत होतं. एव्हाना भाकरी कोरडी उतरत नव्हती, मी आमटीत कुस्करून खात होते. आवाज जाड झाला होता, तोंडात गरम बटाटा ठेवून बोलावं तसा. मला वाटलं पट्ट्यानं.

एका रविवारी संगीता माझं डोकं धुवायला बसली. तिनं पट्टा काढला, मानेवरनं पाणी सोडलं आणि तिचा हात थांबला.

“आत्या, ही गाठ कधीपास्नं हाय?”

“कसली गाठ?”

तिनं माझाच हात धरून जबड्याखाली नेला. सुपारीएवढी, टणक. दाबली तर दुखत नव्हती. मी म्हणाले, दुखत नाही तर असू दे. संगीता मला उलट बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “दुखत न्हाई म्हणूनच भ्या वाटतंय. उद्याच्याला पुण्याला जायचं. मी बंगल्याव सांगते येनार न्हाई म्हणून.” पट्ट्याच्या आत ती गाठ किती दिवस वाढत होती, कुणाला माहीत.

तिला कळत होतं ते मला कळत नव्हतं. घसा खराब होऊन आलेली गाठ दुखते आणि पंधरा दिवसांत बसते. न दुखणारी, न बसणारी गाठ दाखवायची असते. हे मी पुढं शिकले.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात कान-नाक-घशाच्या विभागात आम्ही सकाळी जाऊन बसलो. ओळीत बाकं, बाकांवर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी माझे सगळे कागद वाचले. सगळ्यांवर तंबाखूपुढं फुली. त्यांनीही विचारलं, मी नाही म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या तोंडाकडं पाहिलं.

“आजी, सकाळी दात कशानं घासता?”

“मशेरीनं.”

“किती वेळा?”

“पूर्वी दोनदा. आता सहा वेळा.”

“सहा वेळा का?”

“कान बधिर व्हतो.”

“मशेरी घरी करता का?”

“व्हय. भाजून.”

“काय भाजून?”

मी तोंड उघडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. “तंबाखू.”

संगीता माझ्याकडं बघत राहिली. बाईंनी हसण्यासारखं काही केलं नाही, रागावल्याही नाहीत. कागदावरची फुली खोडली आणि त्यावर लिहिलं. मग म्हणाल्या, “तोंड उघडा, जीभ बाहेर.” हातमोजा घालून बोट जिभेच्या पार मागं घातलं. मला उमासा आला. त्या म्हणाल्या, “इथं कडक लागतंय.” चार महिन्यांत जिभेच्या मागं कुणाचं बोट गेलं नव्हतं. सगळ्यांनी कानात पाहिलं, कारण मी कानच दाखवला.

मग एंडोस्कोपी. म्हणजे नाकातून बारीक नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, घसा टीव्हीवर दिसतो. दुखत नाही, पण ठसका लागतो. मी माझा घसा पाहिला. जिभेच्या मुळाशी डावीकडं फुलकोबीसारखं पांढरट-लाल काहीतरी होतं. मग बायोप्सी, म्हणजे तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणं. लोक म्हणतात तुकडा काढला की रोग पसरतो. बाई म्हणाल्या तसं काही नसतं. मानेतल्या गाठीतूनही सुईनं पाणी घेतलं. मग रोग कुठवर गेलाय ते बघायला स्कॅन. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी घर सारवलं, शेळ्यांचं कुंपण बांधलं, चंद्राशी विनाकारण भांडले.

आणि मग ती खुर्ची, तो कागद, त्या दोन रेघा. वर सांगितलं तेच.

मी बाईंना विचारलं, “हे मशेरीनंच झालं का?” त्या म्हणाल्या, “शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही. पण दुसरं कारण मला दिसत नाही.” मी विचारलं, “चार महिने आधी आले असते तर?” त्या म्हणाल्या, “तेव्हा कदाचित मानेत उतरला नसता. नुसत्या किरणांवर भागलं असतं. आता सोबत केमोपण द्यावी लागेल. तरी बरं व्हायची आशा आहे.” खोटं गोड बोलल्या नाहीत, त्याबद्दल मला त्या आवडल्या.

मरायची भीती वाटली का? वाटली. नवरा गेला तेव्हा मी माणूस मरताना जवळून पाहिलाय, त्यामुळं मला काही नवीन कल्पना करावी लागली नाही.

घरी आल्यावर मी डबी संडासाच्या खड्ड्यात टाकली. दुसऱ्या दिवशी चंद्रा सकाळी आली, बसली, डबी उघडली, माझ्यापुढं केली. मी सांगितलं काय झालंय ते. तिनं डबी मिटली. म्हणाली, “आपल्या सासूनं मरस्तवर लावली. तिला कुटं काय झालं?”

मी म्हणाले, “तिला न्हाई झालं. मला झालं.”

चंद्रा उठून गेली. त्यानंतर ती सकाळची यायची बंद झाली. माझी पडवी रिकामी. मशेरी सुटायला दोन आठवडे लागले, डोकं दुखलं, हात कापले, पोट साफ होईना. पण ते गेलं. ती सकाळ काही परत आली नाही. दवाखान्यात सगळं सांगतात, हे कुणी सांगत नाही.

उपचाराआधी माझे उरलेले खराब दात काढले. किरणांनंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरत नाही, म्हणून आधीच. एका दिवसात सात. मग जखम भरेपर्यंत थांबायचं. मग मास्क. गरम जाळी चेहऱ्यावर, मानेवर ओढून बसवतात, ती थंड झाली की तुमच्या तोंडाचा साचा तयार होतो. रोज तो साचा घालून पलंगाला स्क्रूनं बांधतात, म्हणजे मान हलू नये. पहिल्या दिवशी मी आत ओरडले. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही, दात नव्हते आणि तोंड बांधलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी डोळे मिटून वावरातले बांध मोजायला लागले. आमच्या खालच्या खाचरापासून वरच्या खाचरापर्यंत. अकरा बांध होतात, तोवर मशिनचं काम संपतं.

रेडिएशन म्हणजे किरणं. पस्तीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस. आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून केमो, म्हणजे सगळ्या अंगात फिरणारं औषध. दत्तानं पुण्यात इस्पितळाजवळ नातलगाची एक खोली मिळवली. संगीता माझ्याबरोबर राहिली. बंगल्याचं काम गेलं तिचं.

पहिले दोन आठवडे मी म्हणत होते, एवढंच होय? तिसऱ्या आठवड्यात चव गेली. गूळ आणि माती एकच. मग थुंकी घट्ट झाली, दोरीसारखी, तोंडातून ओढून काढावी लागे. पाचव्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. मानेची कातडी जळलेल्या भाकरीसारखी काळी पडली आणि उडाली. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. नाकातून पोटात नळी घातली, त्यातून संगीता पेज आणि दूध सोडायची. बोलता येत नव्हतं म्हणून मी तिला पाटीवर लिहून दाखवलं: “थांबव. घरी जाऊ.”

तिनं वाचलं आणि पाटी पुसली. “आत्या, मी काम सोडून हितं उगी बसलेय का? अजून नऊ ऱ्हायलेत. नऊ झाले की तुमी आन मी भांडू, आत्ता न्हाई.”

सून म्हणून मी तिला पूर्वी फार काही मानत नव्हते. हे लिहून ठेवते.

किरणं घ्यायला बसलेल्यांत कानाचे आम्ही तिघं होतो. म्हणजे ज्यांचं दुखणं कानात सुरू झालं आणि निघालं घशात. एक वेल्ह्याकडचे शेतकरी, त्यांना टॉन्सिलमध्ये. एक शहरातली बाई, तिनं कधी काही तोंडात घातलं नव्हतं, तिला एका विषाणूमुळं झालं असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मशेरी लावत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तिघांनीही आधी कानात थेंब घातले होते. शेतकरी पस्तीस पुरे करून गेले. पुढं फोन केला तर त्यांच्या मुलानं उचलला. मी काही विचारलं नाही, त्याच्या आवाजातून कळलं.

उपचार संपल्यावर तीन महिने काही तपासत नाहीत. किरणांची सूज उतरेपर्यंत फोटोत सगळं लालच दिसतं. म्हणून नुसतं थांबायचं. रोग आत आहे की गेला, हे कुणालाच माहीत नाही आणि तुम्ही जेवायला शिकत बसायचं. मी पुन्हा पेजेपासून सुरुवात केली. मऊ भात, मग ताकातला भात. भाकरी अजून उतरत नाही. खांद्याला ताठरपणा आलाय. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून फिरते. गावातल्या बायका बघायला येत, माझी काळी मान पाहून पदर तोंडाला लावत. मी त्यांना म्हणायचे, मशेरी लावता ना, मग तोंड उघडून दाखवा. बऱ्याच जणी उठून जायच्या.

चंद्रा भातलावणीच्या वेळी आली. बांधावर उभी राहिली. म्हणाली, “बघ गं अक्का, गालाला आतनं खरखरीत लागतंय.” मी तिला उन्हाकडं तोंड करून उभी केली आणि पाहिलं. पांढरा चट्टा होता. दोन दिवसांनी मी तिला घेऊन त्याच बाईंकडं गेले. अजून कॅन्सर नाही, पण होऊ शकतो, मशेरी बंद करा, दर दोन महिन्यांनी दाखवा, असं त्यांनी सांगितलं. चंद्रानं बंद केली असं मला सांगते. तिच्या घरातून धूर येतो कधी कधी. मी तिच्या तोंडावर तिला खोटारडी म्हणाले आहे. ती पुन्हा यायची थांबली आहे.

गणपती झाल्यावर माझा पेट स्कॅन झाला. शिरेतून साखरेचं औषध देतात, रोग जिवंत असेल तिथं ते गोळा होतं आणि फोटोत चमकतं. तीन दिवसांनी रिपोर्ट. पुन्हा तेच बाक, तीच पिशवी. दत्ता एवढा घाबरला होता की त्यानं दोनदा दुसऱ्याच्या नंबरला उठून आत जायचा प्रयत्न केला.

बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. “आजी, आज काही दिसत नाही.”

मी विचारलं, “आन उद्या?”

“उद्याचं मी सांगू शकत नाही. पहिली दोन वर्षं जपायची. दोन महिन्यांनी परत या.”

बाहेर येऊन दत्ता फोनवर सगळ्यांना सांगत सुटला, आई बरी झाली, आई बरी झाली. मी त्याच्या हातातून फोन घेतला. पलीकडं माझी बहीण होती. मी म्हणाले, “बरी न्हाई झाले. आज काय दिसत न्हाई, एवढंच म्हनाल्या.” दत्ता रडायला लागला. मी काय चुकीचं बोलले मला कळलं नाही.

पण जे आहे ते मी असंच धरून आहे. बरी झाले म्हटलं तर पुढच्या वेळी काही निघालं की पुन्हा पडायचं. आज काही दिसत नाही म्हटलं तर आजचा दिवस माझा. त्या डॉक्टरीणबाईंचे मी आभार मानते. त्यांनी मला वाचवलं की नाही ते अजून ठरायचं आहे. पण चार जणांनी जो प्रश्न विचारला तो त्यांनी मला समजेल असा फिरवून विचारला, आणि माझ्या अडाणीपणाला हसल्या नाहीत. संगीताचे आभार मानले तर ती म्हणेल आत्याला ताप आलाय. म्हणून इथं मानते.

तुमचा कान एकाच बाजूचा दुखत असेल, गिळताना दुखत असेल, तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा आणि घसा बघायला सांगा. जिभेच्या मागं बोट घाला म्हणा. आणि तोंडात जे जे घालता ते सगळं सांगा. त्याला घरात कुठल्याही नावानं म्हणत असाल तरी सांगा.

भात आता निसवायला लागलंय, लोंब्या बाहेर पडतायत. पुढची तारीख ऐन कापणीत आली आहे. मी म्हणते कापणी उरकून जाऊ, आठ दिवसांनी काय होतंय? दत्ता म्हणतो आधी दवाखाना, मग भात. संगीता त्याच्या बाजूनं आहे. तिघांचं यावरून सकाळपासून भांडण चालू आहे. माझा आवाज अजून पूर्ण आलेला नाही, त्यामुळं मी हरते.